प्लेटलेट आहेत, तरी रक्त थांबत नाही

(वेंगुर्ल्याजवळची वाडी. माडांखालची पडवी.)

मोत्या दोन दिवस गप्प आहे. हाक मारली की शेपूट हलवतो, उठत नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पोटावर जांभळे डाग. आज सकाळी नाकातून रक्त आलं. आजी म्हणाली, "ह्येका गोचडीचो ताप इलो असतलो."

आजीचा अंदाज उगाच नव्हता. त्या तापात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवायला धावणाऱ्या बारीक पेशी, घसरतात, असंच रक्त येतं. पण मांगराच्या कोपऱ्यात उंदरांसाठी ठेवलेली निळी वडी अर्धीच उरली होती.

वडीत ब्रोमॅडिओलोन हे उंदीर मारायचं विष असतं. ते प्लेटलेटना मारत नाही. यकृतात के जीवनसत्त्वाचं चक्र अडवतं, आणि रक्त गोठवणारे घटक तयार व्हायचे थांबतात. प्लेटलेट जखमेशी धावतात, एकमेकींना बिलगतात. पण वरून धाग्यांची जाळी विणली जात नाही. अंगात आधीचा साठा असतो, म्हणून विष खाऊनही कुत्रा दोन-तीन दिवस धडधाकट दिसतो. घात होतो तो इथेच.

गुरांचे डॉक्टर जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. त्यातलं ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, रक्त गोठू देत नाही. निरोगी कुत्र्यात मायक्रोलिटरला साधारण २ ते ५ लाख प्लेटलेट. मांजराच्या नळीत मात्र त्यांचे घोस होतात आणि यंत्र खोटाच कमी आकडा देतं. रक्त पसरलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहायलाच हवी.

मोत्याच्या प्लेटलेट थोड्याच घटल्यात. ईडीटीए नसलेल्या दुसऱ्या नळीतलं रक्त मात्र गोठता गोठत नाही.

उतारा के-१ जीवनसत्त्वाचा. प्लेटलेटना त्याचा त्रास नाही. पण नवे घटक तयार व्हायला काही तास जातात, आणि औषध आठवडेच्या आठवडे चालू ठेवावं लागतं.

सगळेच उतारे इतके सौम्य नाहीत. हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध; त्याचा उतारा प्रोटामिन. गाबोळी आपण चवीने खातो; प्रोटामिन मिळालं ते सॅमन माशाच्या नराच्या शुक्रातून. हेपारिनवर ऋण भार, याच्यावर धन, म्हणून दोघं घट्ट बिलगतात. १९३७ मध्ये हा गुण कळला. पण कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे औषध शिरेत गेल्यावर काही मिनिटांत प्लेटलेट खाली आल्या, मग हळूहळू परतल्या. रक्तदाब एकदम घसरू नये म्हणून ते सावकाश सोडतात.

(तिसरा दिवस.)

सुई टोचली तिथे डॉक्टरांनी कापूस दाबून धरलाय. आजी दिवा जवळ आणते. कापूस उचलला. खाली एक बारीक काळसर ठिपका, कोरडा.