लॉगिन अडले की आधी डीएनएस पाहावे

मित्रहो, विषय ठरला आहे तो नेटवर्क लॉगिनमधील बिघाड कसे शोधावेत हा. समोरची बहुतेक मंडळी पणजी, मडगाव, वेर्णे येथील कार्यालयांची यंत्रणा सांभाळणारी आहेत, त्यामुळे डोमेन कंट्रोलर (कार्यालयातल्या सर्वांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) म्हणजे काय, इथून सुरुवात करीत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की लॉगिन अडल्याबरोबर पासवर्डला हात लावू नये; आधी डीएनएस, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी सेवा, तपासावी.

म्हापशातील एका कार्यालयात जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली, राउटर जळाला आणि घाईघाईने नवा बसवला गेला. दुसऱ्या दिवशी काहींना ‘लॉगिन सर्व्हर उपलब्ध नाही’ असा संदेश येऊ लागला; काही जण आत गेले, पण त्यांना सामायिक फोल्डर उघडेना. विंडोज पूर्वी त्याच यंत्रावर आलेल्या शेवटच्या १० जणांची लॉगिन-ओळख सहसा स्वतःजवळ जपून ठेवते, म्हणून ते आत गेले होते. वरिष्ठांनी मात्र सर्वांचे पासवर्ड बदलायला लावले. नवा पासवर्ड कंट्रोलरला ठाऊक, यंत्राला कंट्रोलर सापडत नाही आणि यंत्राजवळ ओळख जुन्याच पासवर्डची. त्यामुळे आदल्या दिवशी आत जाणारेही नवा पासवर्ड टाकून बाहेरच राहिले. निवृत्तीला आलेल्या एका कारकून बाईंना ‘तुम्हांला पासवर्ड लक्षात राहत नाही’ असे सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागले. त्यांचा पासवर्ड अगदी बरोबर होता, आणि म्हणूनच हा प्रसंग मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

दोष होता नव्या राउटरमध्ये. तो डीएचसीपीने, म्हणजे यंत्रांना नेटवर्कची माहिती आपोआप वाटणाऱ्या सेवेने, इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते वाटत होता. विंडोज २००० पासून यंत्र आपला कंट्रोलर शोधते ते डीएनएसमधील एसआरव्ही नोंदीवरून (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीवरून), आणि ती नोंद असते कार्यालयातल्या सर्व्हरवर. गावातल्या एखाद्या वाड्यावरचे घर पणजीच्या बसस्थानकावर विचारावे आणि ‘असे घरच नाही’ असे ठाम उत्तर मिळावे, तसे हे झाले.

वेळ संपत आली आहे, म्हणून उरलेले भरभर सांगतो. ‘सोय असावी’ म्हणून डीएनएसच्या दुसऱ्या क्रमांकावर ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता घालण्याची आपल्याकडची सवय सोडावी. पहिल्या सर्व्हरने ‘नाव नाही’ म्हटले तर विंडोज दुसऱ्याला विचारतच नाही, आणि पहिला गप्प राहिला तर दुसऱ्याला आतले नाव माहीत नसते. दोन्ही पत्ते आतल्या सर्व्हरचेच असावेत. बाहेरच्या नावांसाठी त्या सर्व्हरवर फॉरवर्डर, म्हणजे प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पुढे पाठवण्याची सोय, असते. तपासताना आधी आयपीकॉन्फिग या आज्ञेने यंत्र कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारते ते पाहावे, मग एनएसलुकअप या आज्ञेने एसआरव्ही नोंद मागावी. एनएसलुकअप होस्ट्स फाइल (यंत्रातलीच नावे आणि पत्ते यांची यादी) वाचत नाही, त्यामुळे तिथली जुनी नोंद वेगळी तपासावी लागते. नोंदच नसेल, तर कंट्रोलरवरची नेटलॉगॉन सेवा पुन्हा सुरू केल्यावर ती सहसा पुन्हा नोंदवली जाते. नाव सापडूनही लॉगिन होत नसेल तर घड्याळ पाहावे, कारण केर्बेरॉस, म्हणजे लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत, यंत्र आणि कंट्रोलर यांच्या घड्याळांत साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. आणि राउटर बदलला की त्याचे डीएचसीपी त्याच दिवशी बंद करून ते काम आतल्या सर्व्हरकडे द्यावे.