कारखाना बंद, टाकी चालू

नमस्कार श्रोतेहो. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कारखान्यांची वाटणी झाली ती कोण काय बनवतं यावरून. औषधं, खाद्यपदार्थ चालू. अखंड चालवावे लागणारे प्लँट राज्याच्या परवानगीने चालू. बाकी बंद. बंद होणाऱ्यांच्या टाक्यांत काय भरून ठेवलंय, हे त्या वाटणीत कुणी विचारलंच नाही.

7 मेच्या पहाटे तीनच्या सुमाराला विशाखापट्टणमजवळच्या एलजी पॉलिमर्सच्या एका टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. शेजारच्या आर. आर. वेंकटापुरमची माणसं झोपेत होती. 12 जण दगावले, शेकडो रुग्णालयात गेले.

स्टायरीन म्हणजे थर्माकोलसारख्या प्लास्टिकचा कच्चा माल. त्याचे रेणू एकमेकांना जोडून साखळ्या करायला टपलेलेच असतात. साखळी होताना उष्णता निघते आणि त्या उष्णतेने पुढच्या साखळ्या आणखी भरभर होतात. म्हणून ते थंड ठेवायचं आणि त्यात टीबीसी हे रोधक रसायन मिसळायचं. पण टीबीसी हळूहळू खर्ची पडतं, शिवाय द्रवात विरघळलेला ऑक्सिजन असेल तरच ते काम करतं. उत्पादन चालू असताना जुना माल जातो, नवा येतो आणि सगळं निभावतं. इथे माल आठवडेच्या आठवडे जागच्या जागी होता, तोही विशाखापट्टणमच्या उन्हाळ्यात.

आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने जे नोंदवलं, ते वाचून चीड येते. शीतयंत्रणा संध्याकाळी बंद केली जायची. तापमान मोजलं जायचं टाकीच्या तळाशी. गरम द्रव वर चढतो, त्यामुळे नोंदवहीत आकडे गार आणि वरचा थर तापलेला. 36 ठिकाणांहून भोंगा वाजवायची सोय होती. तो वाजलाच नाही. आणि देखभालीची माणसं तर कामावर होती!

भोपाळनंतर, 1989मध्ये, घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम झाले. कारखान्याच्या आतली मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी, बाहेरची वर्षातून एकदा, असं त्यांत आहे. हे नियम साठा किती टन, ते बघतात. तो किती दिवस पडून आहे, त्याच्यापाशी किती माणसं उरलीत, हे बघत नाहीत. साथीच्या काळात नेमकं हेच बदलतं.

दुर्घटनेनंतर दोन दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढल्या: पहिला आठवडा चाचणीचा समजा, उत्पादनाची घाई नको. चांगल्या आहेत, पण त्या कारखाना सुरू करण्याच्या. मला हवाय तो बंद करतानाचा नियम. टाळं लावण्याआधी साठ्याची यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावी. जो माल संपवता येईल तो संपवावा. जो उरेल त्याची टाकी चालू प्लँट मानून तिन्ही पाळ्यांना माणसं, वीज आणि रोधकाचा साठा द्यावा, आणि त्या माणसांचे पास रुग्णालयाच्या माणसांइतक्याच तातडीने निघावेत. मालक खर्चाची कुरकुर करतील. करू देत.

तारापूर, लोटे, महाड, रोहा इथल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. त्याच 1989च्या नियमांप्रमाणे, मोठा अपघात झाल्यास ज्यांना झळ पोचू शकते अशा आसपासच्या लोकांना धोका कसला आणि त्या वेळी काय करायचं, हे आधीच कळवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला कुणी कळवलंय का? नसेल तर ग्रामसभेत विषय काढा, लेखी मागा. आणि भोंग्याची चाचणी कधी झाली, तेही विचारा.