युंगफ्राउयोख: दक्षिणेकडे तोंड करून

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या उंच खिंडीकडे जाणारी गाडी क्लायने शायडेग हे स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात डोंगरात शिरते. पुढचे सात किलोमीटर बाहेर काहीच दिसत नाही. दातेरी रुळांवरची ही गाडी आयगर आणि म्योंश या दोन शिखरांच्या पोटातून वर चढत असते. झुरिकचे उद्योगपती आडोल्फ गायर-झेलर यांनी हा मार्ग आखला. १८९६ मध्ये काम सुरू झालं, तीनच वर्षांत ते वारले. बोगदा खणला तो मुख्यतः इटलीहून आलेल्या मजुरांनी. सुरुंगाच्या स्फोटांत त्यांतले कित्येक जण दगावले. १ ऑगस्ट १९१२ रोजी पहिली गाडी वर पोचली, ती त्यांच्या कष्टांवर.

वरच्या स्टेशनाची उंची ३,४५४ मीटर. इथून लिफ्टने आणखी शंभरेक मीटर वर गेलं की येतो स्फिंक्स नावाच्या सुळक्यावरचा सज्जा. पायाखाली लोखंडी जाळी, जाळीखाली सरळ तुटलेला कडा. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे चार पावलं भरभर टाकली तरी धाप लागते. सावकाश चाला. कठड्यावर पिवळ्या चोचीचे काळे पक्षी येऊन बसतात, त्यांना मात्र या वाऱ्याचं काहीच वाटत नाही.

उत्तरेला हिरव्या दऱ्या. तिकडचं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला मिळतं. दक्षिणेचं पाणी ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला.

आपल्याकडून येणाऱ्या अनेक सहलींत इथला वेळ बर्फात खेळण्यात आणि खरेदीत संपतो. तो आनंद खराच आहे. पण अर्धा तास राखून ठेवा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा.

समोर आहे ‘आलेच’ नावाची हिमनदी, आल्प्समधली सर्वांत लांब. जवळजवळ २० किलोमीटर. तिच्या अंगावरून लांबवर गेलेले काळसर पट्टे नीट पाहा. कडेच्या डोंगरांवरून कोसळलेले दगडगोटे प्रत्येक हिमप्रवाह आपल्या काठाने वाहून आणतो. दोन प्रवाह एकमेकांना मिळाले की ते काठ मधोमध येतात आणि त्यांचा पट्टा होतो. बर्फ वाहतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

डोक्यावरचा चंदेरी घुमट १९३७ च्या वेधशाळेचा. संशोधन केंद्र त्याही आधीचं, १९३१ चं. वस्त्यांच्या धुरापासून दूर असलेल्या या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि सूक्ष्म धूलिकण सतत मोजले जातात. पर्यटकांसाठी बांधलेल्या रेल्वेनेच शास्त्रज्ञही वर येतात. त्यांच्या नोंदींतून जे कळतं, त्याचा परिणाम समोरच्या हिमनदीवर दिसतो.

खाली कॉन्कॉर्डियाला, जिथे मोठे हिमप्रवाह एकत्र येतात, तिथे गिर्यारोहकांसाठी एक निवारा आहे. १८७७ मध्ये तो बांधला, तेव्हा बर्फ त्याच्या सुमारे ५० मीटर खाली होता. आज हिमनदीवरून तिथे पोचायला कड्याला लावलेल्या ४०० हून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. बर्फ खचत जातो, तसतसा हा जिना खालच्या बाजूने वाढवावा लागतो.