सड्यावरची हौस

श्रोतेहो, नमस्कार.

हौशी नाटक म्हटलं की आपण कौतुकानं जाऊन बसतो. हौशी संशोधक म्हटलं की मात्र ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. खरं ना? म्हणून आज तुम्हाला रत्नागिरीच्या सड्यावर नेतो.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. पावसात हिरवा, वैशाखात तापलेला तवा. त्यावर कोरलेली चित्रं गुराख्यांच्या रोजच्या पायाखालची. कुणी म्हणे पांडवांनी काढली. त्यांच्या शोधाला लागले सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे. पुरातत्त्व हा दोघांचाही पेशा नव्हे. सोबत सुरेंद्र ठाकूरदेसाई, तेही भूगोलाचे प्राध्यापक. सडे पायी तुडवले, आणि शाळेतल्या मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा, रानात कुठं चित्रं आहेत का. ही युक्ती मला फार आवडते. काशेलीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी! कुठं गेंडाही दिसतो, जो आज कोकणात औषधालाही नाही. राज्य पुरातत्त्व विभागही कामाला लागला, आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरीतली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसायमळ.

स्पेनमधल्या साउतुओलाचं नशीब असं नव्हतं. १८७९ मध्ये अल्तामिराच्या गुहेत त्याच्या लहान मुलीला छतावर रंगवलेले गवे दिसले. हा जमीनदार, हौशी. चित्रं अश्मयुगातली आहेत म्हणाला, तर पंडितांनी त्याला खोटं पाडलं. १८८८ मध्ये तो गेला. त्या पंडितांपैकीच कार्तायाक नावाच्या विद्वानानं छापील माफी मागितली ती १९०२ मध्ये.

आता दुसरी बाजू. हौशी माणसाचं सगळंच खरं मानायचं का? मुळीच नाही. उघड्या कातळावर मातीचे थर नाहीत, त्यामुळे चित्रांचा काळ ठरवणं तज्ज्ञांनाही जड जातं. आपण छातीठोकपणे हजारांचे आकडे कशाला फेकायचे? देवाचे गोठणे या गावी चित्राजवळ होकायंत्र भरकटतं. हे निरीक्षण पक्कं. त्याला चमत्कार म्हणण्याआधी जांभ्यातल्या लोखंडाबद्दल भूगर्भवाल्यांना विचारावं, इतकंच.

तुमच्या सड्यावर अशा रेषा दिसल्या तर त्यात खडू, चुना भरू नका हं. फोटो काढा, वाडीचं नाव टिपा. आणि घरातली म्हातारी माणसं त्या जागेला काय म्हणतात, तेही लिहून ठेवा.