सापळा भरला, तरी पेरू किडतो

हा पेरू वरून धडधाकट दिसतो. जरा जवळून बघा. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका आहे आणि भोवतीचा भाग किंचित दबलेला. फळमाशीच्या मादीनं इथं अंडी घातली आहेत. फळ कापलं की गरात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. तिथवर फवारा पोचत नाही. म्हणून मादीलाच गाठायचं, तेही अंडी घालायच्या आत.

कोषातून नुकत्याच निघालेल्या मादीची अंडी पक्व नसतात. त्यासाठी तिला प्रथिनं लागतात. ती पानोपानी फिरते, पक्ष्यांची विष्ठा, माव्याचा चिकटा चाटते. कीटकनाशक मिसळलेलं प्रथिनांचं आमिष चालतं ते या भुकेवर.

मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नरांना ओढणाऱ्या वासाचा सापळा वेगळा. त्यात येतात फक्त नर. डबा भरला की बरं वाटतं, पण वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात नर संपवून माशी हटवली, हे खरं. पण ते बेट होतं. बागेला चारी बाजूंनी समुद्र नसतो! माशी आली का, किती आली, हे कळायला मात्र हा सापळा उत्तम.

आमिषात दोन गोष्टी: प्रथिनांचा अर्क आणि स्पिनोसॅडसारखं कीटकनाशक. पाणी लेबलवर लिहिलंय तेवढंच. पातळ केलं की वास मरतो. सर्वसाधारणपणे झाडामागे ५० ते १०० मिली, एकाच जागी, पानांच्या खालच्या बाजूला. फळावर नको.

आता हा थेंब बघा, ज्वारीच्या दाण्याएवढा. नोझल मोठ्या भोकाचं हवं. बहुतेकांचं चुकतं ते इथंच: नेहमीचं नोझल, धुक्यासारखा फवारा, आणि थेंब बघता बघता वाळतो.

सुरुवात काढणीच्या सहा-आठ आठवडे आधी, सकाळी. मग दर ७ दिवसांनी. मध्ये पावसानं धुतलं तर पुन्हा.

स्वस्त पडतो म्हणून काही जण प्रथिनांऐवजी नुसता गूळ वापरतात. गुळावर माशी येते, पण मुंग्या आणि मधमाश्याही येतात. फुलोऱ्यात तर नकोच.

आणि झाडाखालची ही गळ? यातल्या अळ्या मातीत उतरून कोषात जातात. फळं रोज वेचा, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. पुरायची असतील तर दोन फूट खोल. वरवर माती लोटली तर माशी त्यातून बाहेर येते.