छेदात कोण बसलंय?

व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय आहे, 'मुख्याध्यापिका असलेल्या शाळेत मुलं जास्त शिकतात का?' तिकडे मी येणारच आहे. पण एक आकडा वाटेत आडवा पडलाय, तो बाजूला सारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

विकसनशील देशांतल्या शिक्षणावरचा कुठलाही अहवाल उघडा, एक वाक्य ठरलेलं असतं: 'शिक्षकांमध्ये स्त्रिया इतके टक्के, मुख्याध्यापकांमध्ये मात्र इतकेच.' वाक्य खोटं नसतं. ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०१८ च्या 'टॅलिस' या शिक्षक-मुख्याध्यापकांच्या सर्वेक्षणात, म्हणजे बहुतांशी सुस्थितीतल्या देशांतसुद्धा, सरासरी शिक्षकांत ६८ टक्के स्त्रिया आणि मुख्याध्यापकांत ४७ होत्या. तिथे ही गत, तर गरीब देशांत काय असेल, असं म्हणून आपण मान हलवतो आणि पान उलटतो. माझी तक्रार त्या पान उलटण्याबद्दल आहे.

अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. अंशाकडे सगळ्यांचं लक्ष. छेदात कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. मागच्या रांगेत गणिताचे शिक्षक हसतायत, म्हणजे रोग जुना आहे.

एक कल्पित जिल्हा घेऊ. गणित सोपं जावं म्हणून आकडे मी बेतलेले आहेत. मुख्याध्यापक धरून १,००० शिक्षक. ६०० स्त्रिया, ४०० पुरुष. मुख्याध्यापक १००, त्यांत स्त्रिया ३०. म्हणजे शंभर स्त्रियांमागे ५ मुख्याध्यापिका आणि शंभर पुरुषांमागे साडेसतरा मुख्याध्यापक. पुरुषाला संधी साडेतीनपट. बातमीचा मथळा तयार.

आता सेवानियम वाचा. पदासाठी १५ वर्षांची सेवा लागते. तेवढी सेवा झालेल्या स्त्रिया २०० आणि पुरुष २५०, कारण स्त्रियांची भरती वाढली ती अलीकडे. छेद बदलला की उत्तर बदलतं: स्त्रियांत १५ टक्के, पुरुषांत २८. साडेतीनपटीचं दुपटीच्याही खाली आलं. अन्याय उरलाच नाही असं मी म्हणत नाहीये. त्यातला बराच भाग पंधरा वर्षांपूर्वीच्या भरतीत झाला, आजच्या बढतीत नाही, एवढंच म्हणतोय.

अजून एक पायरी उतरू. यंदा १२ जागा रिक्त आहेत. पात्र असून पद न मिळालेल्या १७० स्त्रियांपैकी २० जणींनी अर्ज केला, १८० पुरुषांपैकी ७० जणांनी. निवड झाली ३ स्त्रियांची आणि ९ पुरुषांची. 'बारात फक्त तीन!' म्हणून निवड समितीला धारेवर धरायचं, समितीच्या सदस्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची, शेवटी सगळ्यांचा फोटो काढायचा. पण भागाकार करून बघा. २० पैकी ३ म्हणजे १५ टक्के; ७० पैकी ९ म्हणजे तेराच्या आसपास. समितीच्या दारात बायका मागे पडलेल्या दिसतच नाहीत. त्या मागे पडल्या एक पायरी आधी: अर्ज करणाऱ्या स्त्रिया १२ टक्के, पुरुष ३९. कार्यशाळा ज्या खोलीत भरली, त्या खोलीत गळती नव्हती.

इथे दोन पथ्यं. तीन आणि नऊ हे फार लहान आकडे आहेत. एका अर्जाचा निकाल इकडचा तिकडे झाला तरी चित्र पालटतं, म्हणून पाच-सात वर्षांच्या निवडी एकत्र करा. दुसरं म्हणजे, अर्ज करणाऱ्या वीसजणी जर एकशेसत्तरांतल्या सगळ्यांत तयारीच्या असतील, तर त्यांची निवड पुरुषांच्या बरोबरीने होणं हाच पक्षपाताचा पुरावा ठरू शकतो. त्या पुढे असायला हव्या होत्या. म्हणून अर्जदारांची सेवा, पात्रता आणि परीक्षेचे गुण सोबत नोंदवल्याशिवाय समितीला ना दोष देता येतो, ना प्रशस्तिपत्र.

मग अर्ज का नाही? इथे बहुतेक अभ्यास एक प्रश्नावली काढतात, 'आपण अर्ज का केला नाही?' आणि उत्तर येतं, 'घरची जबाबदारी.' येणारच. ते सभ्य उत्तर आहे, कुणाला दुखवत नाही आणि मुलाखत लवकर संपते. प्रश्न घटनेचा विचारा. जागा रिक्त असल्याचं कधी कळलं? कुणाकडून? परिपत्रक हातात पडलं तेव्हा मुदतीचे किती दिवस उरले होते? गोपनीय अहवाल मिळायला कुणाकडे किती खेपा घालाव्या लागल्या? आणि हेच प्रश्न याच क्रमाने पुरुषांनाही विचारा. पुरुषांना न विचारता 'स्त्रियांच्या अडचणी' शोधणारा अभ्यास म्हणजे एकाच पारड्याचा तराजू. आणखी वाईट म्हणजे फक्त मुख्याध्यापिकांच्या मुलाखती घेणं. त्या तर पार झालेल्या. अडथळा कुठे होता ते अडलेलीला ठाऊक. किमान चार गट हवेत: पदावर असलेल्या, अर्ज करून नाकारलेल्या, पात्र असून अर्ज न केलेल्या आणि नोकरी सोडून गेलेल्या. चौथा गट आजच्या सेवाज्येष्ठता यादीत सापडत नाही, जुन्या याद्या उकराव्या लागतात.

जिथे बढती अर्जाने नाही, ज्येष्ठतेने मिळते, तिथे दप्तरात एक शेरा सापडतो: 'पदोन्नती नाकारली.' दोन शब्द, खाली सही. कुठल्या शाळेवरची नाकारली, ते लिहिलेलं नसतं. ज्येष्ठतेच्या क्रमाने जागा निवडायच्या असल्या की रस्त्यालगतच्या शाळा आधी उचलल्या जातात आणि यादीच्या तळाशी असलेल्यांच्या वाट्याला शेवटची बस दुपारी सुटणारी गावं येतात. तळाशी कोण? बिनपगारी रजेत ज्यांची सेवा खंडित झाली त्या, आणि लग्नानंतर दुसऱ्या जिल्ह्यात बदली घेतल्यावर काही व्यवस्थांत ज्यांची ज्येष्ठता शून्यावर येते त्या. दप्तर म्हणतं, बाईंनी नकार दिला. तेव्हा संशोधकाने शेरा उतरवून घेताना त्यापुढे तीन रकाने स्वतः जोडावेत: देऊ केलेली शाळा, तिचं सध्याच्या शाळेपासूनचं अंतर आणि तिथे राहण्याची सोय आहे का.

'थांबा, तरुण शिक्षिका ज्येष्ठ झाल्या की आपोआप प्रमाण वाढेल' हा युक्तिवादही तपासता येतो. एकाच वर्षी रुजू झालेले सगळे घ्या, स्त्रिया आणि पुरुष. निम्म्या पुरुषांना पद मिळायला किती वर्षं लागली? निम्म्या स्त्रियांना? ज्यांना अजून मिळालेलं नाही त्यांना वगळायचं नाही, 'अजून नाही' म्हणूनच मोजायचं. त्यासाठीची सांख्यिकी पद्धत कापलान आणि मायर यांनी १९५८ सालीच मांडून ठेवली आहे. वैद्यकाने ती रुग्णांसाठी वापरली, आपणही वापरायला हरकत नाही.

अंशाचीही थोडी झाडाझडती घेऊ, कारण 'मुख्याध्यापक' म्हणजे कोण हेच अनेक ठिकाणी धड नसतं. भारतातल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर गेला तर मुख्याध्यापक आणि सहावी ते आठवीत १०० च्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक सांगितला आहे. त्याखालच्या लहान शाळांत पदभार कुणाकडे तरी असतो: प्रभारी. सही तीच, जबाबदारी तीच, वेतनश्रेणी मात्र जुनी. प्रभारी मुख्याध्यापिका तुम्ही अंशात धरल्या तर टक्का एक येतो, वगळल्या तर दुसरा, आणि दोन देशांनी दोन रीती पाळल्या तर तुलनेला अर्थ राहत नाही. हा रकाना वेगळा हवा: नियमित, प्रभारी, आणि प्रभारी असल्यास किती महिने. मग माहिती संगणकात भरताना पुरुष ० आणि स्त्री १ असा संकेत ठेवला आणि कोरा रकाना ० म्हणून वाचला गेला, की रातोरात पुरुष मुख्याध्यापक वाढतात. हसू नका, हे तपासायला एक मिनिट लागतं आणि तेवढं कुणी तपासत नाही.

चिठ्ठी आली आहे: 'दहा मिनिटे.' चिठ्ठीवर सहीसुद्धा आहे, तेव्हा अधिकृत दिसते. मूळ विषयाकडे.

युनिसेफच्या इनोसेन्टी केंद्राने 'पासेक' या प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या चाचणीची माहिती तपासून दाखवलं की काही फ्रेंचभाषक आफ्रिकी देशांत स्त्री प्रमुख असलेल्या शाळांतल्या मुलांचे वाचन-गणिताचे गुण जास्त आहेत. पासेकच्या २०१९ च्या फेरीत १४ देश होते. संबंध दिसतो, कारण कळत नाही. स्त्रियांना शहरातल्या शाळा जास्त मिळत असतील तर गुण शहराचे. स्त्रीला पद मिळायला दुप्पट लायकी लागत असेल तर फरक स्त्री-पुरुषाचा नाही, उंबरठ्याच्या उंचीचा. आणि उंबरठा सारखा झाला की हा फरकही आटेल. शिवाय नमुना लहान. २०० शाळांत १० टक्के म्हणजे २० मुख्याध्यापिका. नुसत्या या टक्क्याचीच चूक-मर्यादा सुमारे ६ ते १४. त्या वीसजणींची शहरी-ग्रामीण विभागणी केली की ग्रामीण रकान्यात पाच-सहा उरतात. आणि विद्यार्थ्यांच्या चाचणीतलं भारांकन, म्हणजे कुठल्या नोंदीला किती वजन द्यायचं ते, बहुधा मुलांना धरून असतं. त्यातून निघतं ते 'मुख्याध्यापिकेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण'. अहवालात त्याचं 'मुख्याध्यापिकांचं प्रमाण' होऊन बसतं.

सोडतीने पदं वाटली गेली असती तर काम सोपं होतं. ग्रामपंचायतींत तसं घडलं. प्रधानपदाचं, म्हणजे सरपंचपदाचं, आरक्षण फिरतं असल्यामुळे चट्टोपाध्याय आणि दुफ्लो या अर्थतज्ज्ञांना २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानात स्त्री प्रधानांच्या निर्णयांचा परिणाम नीट वेगळा काढता आला. मुख्याध्यापकपदाची अशी सोडत निघत नाही. जवळचा पर्याय म्हणजे स्पर्धापरीक्षेची कट-ऑफ रेषा. मेक्सिकोत २०१३ च्या कायद्याने (तो २०१९ मध्ये रद्द झाला) बढती परीक्षेवर आणली होती, तसं जिथे असेल तिथे रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या उमेदवारांच्या शाळांची तुलना करता येते.

तेही नसेल तर पदबदल पाहा. मुख्याध्यापक बदलला की शाळेची घडी तशीही काही महिने विस्कटते, म्हणून पुरुष जाऊन स्त्री आली अशा शाळांची आधीशी तुलना पुरत नाही. पुरुष जाऊन पुरुष आला, स्त्री जाऊन स्त्री आली आणि स्त्री जाऊन पुरुष आला, या तिन्ही प्रकारच्या शाळा सोबत हव्यात. बदलाआधीचे दोन वर्षांचे आणि नंतरचे तीन वर्षांचे निकाल हवेत. आणि त्या काळात पट किती हलला तेही, कारण चांगल्या नावाच्या शाळेकडे मुलं सरकतात आणि निकाल त्यांच्याबरोबर सरकतात. यातला शेवटचा प्रकार, स्त्री जाऊन पुरुष आला, अहवालांत बहुधा नसतोच.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न लेखी द्या, आणि छेद लिहायला विसरू नका.