गाडी खालून बघा

(धुळ्यात डोंगरभटक्या मित्रांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढू शकणारी गाडी, कशी निवडायची, हा आजचा विषय. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी गाडी मनात ठरवूनही टाकली आहे, हे चेहऱ्यांवरून दिसतंय. थार नाहीतर जिप्सी. काहींचा तर रंगही ठरलाय. चालेल, नावावरून मी कोणाशी भांडणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की अशी गाडी घेताना आपण जास्तीचे पैसे मोजतो ते पुढच्या एक्सलचे, पुढच्या चाकांनाही ओढ देणाऱ्या ट्रान्सफर केसचे आणि मजबूत चासीचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे. बघत मात्र बसतो बोनेट, बंपर आणि टपावरचे दिवे. जे विकत घेतो ते सगळं गाडीच्या खाली असतं. म्हणून गाडी खालून बघा. बाकीचं बोलणं याच एका वाक्याभोवती फिरणार आहे.

पण आधी विचारतो, फोर बाय फोर तुम्हाला लागते कुठे? शहाद्याहून तोरणमाळला डांबरी रस्ता आहे, साधी हॅचबॅक जाते. चाळीसगावहून पाटणादेवीला जायला, कन्नडचा घाट चढायला चार चाकांची ओढ लागत नाही. धडगाव-मोलगीकडे बाजाराच्या दिवशी टपावरसुद्धा माणसं घेऊन ज्या जीप चढतात, त्यातल्या बहुतेक मागच्या दोन चाकांवरच चालतात. ते ड्रायव्हर पाहिले की आपल्या फोर बाय फोरचा अभिमान जरा उतरतो. गाडीपेक्षा हात मोठा, हे तिथे कळतं.

लागते ती कच्च्या वाटेला. सातपुड्यातले सुट्या मुरुमाचे खडे चढ, गोट्यांनी भरलेले नाले, पावसाळ्यात शिवारातली पाणंद. आणि इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे ठरलेला रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, गाडी जप्त होऊ शकते. कोणाच्या पेरलेल्या वावरातून जाणं कायद्याच्या पुस्तकात कुठे बसतं ते बाजूला ठेवा, पण ज्याचं वावर आहे तो काय करेल ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

आता यंत्राकडे येऊ. लोकांना वाटतं, चारही चाकं ओढतात हाच मोठा फायदा. अर्धंच खरं आहे. गिअरच्या शेजारी असलेल्या छोट्या लिव्हरमध्ये, किंवा नव्या गाड्यांत गोल बटणात, एक ‘लो’ असतो. जुन्या थारसारख्या गाडीत लो लावला की चाकांना मिळणारी ओढ सुमारे अडीचपट होते आणि वेग तितकाच कमी होतो. चढाला ते उपयोगाचं आहेच, पण खरी किंमत कळते ती उतारावर. पहिला गिअर, लो, पाय ब्रेकवरून काढलेला, आणि गाडी इंजिनाच्या जोरावर धरून धरून खाली येते. सुट्या खडीवर सतत ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी घसरत राहते. म्हणून जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न ‘फोर बाय फोर आहे का’ हा नाही; ‘लो आहे का आणि लागतो का’ हा आहे.

‘लागतो का’ यावर जोर देतोय, कारण आपल्याकडे बहुतेक फोर बाय फोर गाड्यांचं आयुष्य हायवेवर गेलेलं असतं. तो लिव्हर वर्षानुवर्षं हललेला नसतो. लिंकेज गंजतं, इलेक्ट्रिक असेल तर मोटर जाम होते, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकत राहतो आणि मालक म्हणतो, ‘सेन्सरचं आहे भो, किरकोळ.’ ते किरकोळ नसतं. स्कॉर्पिओ फोर बाय फोर आणि सफारी फोर बाय फोर या दोन्हींत बटणाची पद्धत आहे. तिथे हे आधी तपासा.

तपासणी डांबरी रस्त्यावर करायची नाही. या गाड्यांत पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट यांच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, नसतं. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी. फोर लावलेला असला की दोघांना एकाच वेगाने फिरायची सक्ती होते. मातीत चाक थोडं घसरून हिशेब जुळवतं. डांबरावर ते घसरत नाही, ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडकल्यासारखी चालते. त्यामुळे मालकाला सांगून मोकळ्या मातीच्या जागी गाडी न्या. आधी ‘हाय’ लावा, म्हणजे चार चाकं नेहमीच्या वेगाने, मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून लो लावा. मित्राला बाहेर उभं करा आणि पुढची चाकं माती फेकतात का ते त्याला बघू द्या. दिवा लागला म्हणजे चाक फिरलं असं नाही. काही जुन्या गाड्यांना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतात, ‘फ्री’ आणि ‘लॉक’ असे. ते फिरतात का बघा, आणि लॉक करूनच चाचणी घ्या. नंतर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू चालवा. पुढच्या चाकातून टकटक आवाज आला, तर तिथला जॉइंट गेला.

मग गाडी रॅम्पवर घ्या. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको. एक्सलमधल्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गाडी नाल्यात उभी राहिलेली आहे आणि नंतर कोणी तेल बदललेलं नाही. ड्रेनच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. बारीक काळी पेस्ट ठीक आहे, चमकणारे कण नकोत. प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून बघा, त्याच्या क्रॉसला, म्हणजे टोकाच्या सांध्याला, खेळ आहे का. मग टॉर्च घेऊन चासी. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे चासीला लागतात तो कोपरा आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, या दोन ठिकाणी तडे जातात. वर नवी वेल्डिंग आणि त्यावर ताजा काळा रंग दिसला, तर तो रंग कशासाठी दिला ते विचारा. समुद्राकाठची गाडी असेल तर गंज बघा. आपली कोरडी हवा या एका बाबतीत चांगली. इथे सतत राहिलेली गाडी खालून बरी निघते. पण त्याच हवेचा दुसरा हिशेब रेडिएटरवर निघतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा दिवशी लोमध्ये, सावकाश, समोरून वारा नसताना चढ चढायचा तर पंखा आणि रेडिएटर दोन्ही धडधाकट हवेत. चाचणी भर दुपारी घ्या, सकाळी गारव्यात नको.

आता गाड्या.

जिप्सी 1985 मध्ये आली आणि सर्वसामान्य ग्राहकाला 2018 पर्यंत मिळत राहिली. आधी 970 सीसीचं इंजिन, पुढे 1300. वजन टनभराच्या आसपास, आणि हीच तिची खरी ताकद. जड गाडी रुतते तिथून जिप्सी निघून जाते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात. पाटे पुढेही, मागेही. कंबरेचं काय होतं ते जिप्सीवाल्यांना विचारा. पेट्रोल भरपूर पिते. लष्करातून लिलावात निघालेल्या जिप्सी मिळतात, पण तिथे कागद आधी बघा, गाडी मग.

पहिली थार 2010 ची. अडीच लिटरचं डिझेल सीआरडीई इंजिन, 105 हॉर्सपॉवर. पण त्याच काळात डीआय या साध्या डिझेल इंजिनाच्या थारही निघाल्या आणि त्यात टू व्हील ड्राइव्हवाल्या होत्या. आणि 2020 मध्ये नवी थार आली, तिच्यातही 2023 पासून फक्त मागची चाकं ओढणारा प्रकार मिळतो. जाहिरातीत फोटो तोच, नाव तेच. लहान लिव्हर डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

माझ्या मते आपल्या भागात स्वस्तात डोळस माणसाने बघाव्यात अशा दोन गाड्या दुर्लक्षित आहेत. एक फोर्सची गुरखा. दोन्ही एक्सलला डिफरन्शियल लॉक मिळतो, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. जुन्या गुरखाचं इंजिन ट्रॅक्सच्या कुळातलं, आणि ट्रॅक्स-क्रूझर दुरुस्त करणारा मिस्त्री खान्देशात प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. दिसायला ओबडधोबड, आतून आवाज करणारी, म्हणून भाव पडलेला असतो. दुसरी बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर. तिच्यासोबत कोणी फोटो काढत नाही, पण पाटा, क्लचप्लेट, बुश काहीही साक्रीला मिळतं आणि शिरपूरलाही मिळतं.

डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकं ओढणारी डस्टर, 2014 ची. लो नाही. पहिला गिअर फार छोटा ठेवलाय, त्यावर बरंच निभावतं. रोज गाडीने नोकरीला जायचं आणि महिन्यातून एकदा सातपुड्यात, अशा माणसाला ती योग्य. खड्ड्यांतून तिच्यासारखी या यादीतली एकही जात नाही. डिझेल डस्टर 2020 मध्ये बंद झाली, त्यामुळे मागच्या एक्सलचे सुटे भाग आधी चौकशी करून ठेवा. पजेरो एसएफएक्ससाठी लोक वेडे होतात. सुंदर गाडी. पण भाग मुंबई-दिल्लीहून मागवत बसायची तयारी नसेल तर लांबून बघा आणि नमस्कार करा.

‘मॉडिफाय’ जीप हा वेगळा प्रकार. चासी एकाची, इंजिन दुसऱ्याचं, पुढचा एक्सल तिसऱ्याचा. आरसीवर इंजिन नंबर कोणता, गाडीवर कोणता, चासीवर कोरलेला नंबर घासलेला आहे का, हे बघा. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी हेच पहिल्यांदा काढते.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पाच-पाच वर्षांचं असतं, आणि कारसाठी त्याची फी 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झाली. शिवाय हरित कर. राज्यातली गाडी असेल तर मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30; कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म 35. परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, आणि इथे कर भरून बारा महिन्यांत नवा नंबर. आपल्याला एका बाजूला गुजरात, एका बाजूला मध्य प्रदेश, त्यामुळे जीजे आणि एमपी पासिंगच्या स्वस्त गाड्या रोज दिसतात. दिल्लीच्या तर विचारू नका. 2015 मध्ये हरित लवादाने तिथल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध आदेश दिले, तेव्हापासून तिथली स्वस्त डिझेल गाडी सगळीकडे फिरतेय. घ्या, पण किमतीत इथला कर आधी मिळवा. मग स्वस्त वाटते का बघा.

आणि टायर. हा विषय मी शेवटी ठेवला तरी पैसे आधी इथे ठेवा. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते, आणि दहा फुटांत टायर गुळगुळीत रबराचा रूळ होतो. मग चार चाकं असोत की आठ, गाडी तिला हवी तिकडे जाते. महागडी फोर बाय फोर झिजलेल्या हायवे टायरांवर बांधाशी आडवी झालेली आणि साधी जीप चांगल्या मड टायरांवर बाजूने निघून गेलेली, हे दरवर्षी पाऊस पडला की बघायला मिळतं. मऊ मातीत हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. परत भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. कमी हवेवर हायवेला धावलात तर टायर तापून फाटेल. म्हणून तुमच्याकडे गाडीसाठी जेवढे पैसे आहेत, त्यातले सत्तर टक्केच गाडीत घाला. उरलेले टायर, सगळी तेलं, बेअरिंग, बुश, बेल्ट आणि होजपाइप यांत जातात. जाणारच आहेत. आधी काढून ठेवलेत तर घरी भांडण होत नाही.

(यानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतली दोन.)

‘किती किलोमीटर चाललेली असावी?’

मीटर मागे फिरवता येतो, म्हणून आकड्यावर जाऊ नका. पेडलचं रबर, ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंगची झीज बघा, आकड्याशी जुळते का. दीड लाख हायवेवर चाललेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी मी घेईन; चाळीस हजार चाललेली पण दर रविवारी नाल्यात उडवलेली घेणार नाही.

‘सर, आमची रावेरला केळी आहे. मळ्यातही जायचं, सातपुड्यात पाल गावाकडे फिरायलाही. घरी ट्रॅक्टर आहे.’

ताई, तुम्ही कॅम्पर बघा. माल येईल, माणसं येतील, लो आहे. आणि ट्रॅक्टर घरी आहे म्हणजे अडकल्यावर ओढायची सोय झाली. फक्त गाडी घेताना पुढचा-मागचा हूक थेट चासीला बोल्टने बसवलाय ना, तेवढं वाकून बघा. बंपरला वेल्ड केलेला असेल, तर पहिल्याच पावसात ट्रॅक्टर बंपर घेऊन घरी जाईल आणि गाडी वावरातच राहील.